गुडघ्याची गोळी आणि किडनीतले पत्ते : एका प्रकरणाचा अभ्यास

त्यांना चाकाच्या खुर्चीवरून आत आणलं तेव्हा सुनेनं फाइलच्या आधी औषधांची पिशवी पुढे केली. "डॉक्टर, काल दुपारपासून आईंना लघवीच झालेली नाही," ती म्हणाली. "दोन दिवस जुलाब होत होते, आम्हाला वाटलं त्यानंच अशक्तपणा आलाय." बाई 67 वर्षांच्या. हाक मारली की डोळे उघडत होत्या, विचारलं की उत्तर देत होत्या, पण एकेका शब्दाला वेळ लागत होता.

ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते एका कारणासाठी. प्रोस्टाग्लँडिन नावाच्या निरोप्या रेणूंचे रिसेप्टर (पेशीवरची निरोप पकडणारी प्रथिनं) किडनीत नेमके कुठे असतात, हा विषय बहुतेक विद्यार्थी परीक्षेपुरता पाठ करतात आणि विसरतात. या बाईंच्या रिपोर्टवरचा एकेक बिघडलेला आकडा मात्र त्या नकाशावरच्या एकेका ठिकाणाकडे बोट दाखवत होता.

"कुठली औषधं चालू आहेत?" या प्रश्नाला बाईंनी "बीपीची" एवढंच सांगितलं. पिशवी टेबलावर रिकामी केली. टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅम आणि हायड्रोक्लोरोथायझाइड (थायझाइड जातीचं लघवी वाढवणारं औषध) 12.5 मिलिग्रॅमची एकत्र गोळी, कित्येक वर्षांची. फ्युरोसेमाइड 40 मिलिग्रॅम, हीही लघवीची गोळी, नवीन पाकीट. आणि तळाशी डायक्लोफेनॅक 50 मिलिग्रॅमच्या तीन पट्ट्या. दोन पूर्ण रिकाम्या, तिसरीत पाच गोळ्या उरलेल्या. रिकामी घरं मोजली : 25. "या कशाच्या?" "त्या होय? त्या गुडघ्याच्या. सकाळ-संध्याकाळ एकेक." म्हणजे जवळपास 13 दिवस. दुखण्याची गोळी ही बहुतेकांच्या लेखी औषधात मोडतच नाही. म्हणून "औषधं कुठली" एवढं विचारून भागत नाही, "दुखण्यासाठी काही घेता का" हे वेगळं विचारावं लागतं.

मग क्रम लागला. गुडघेदुखी वाढली म्हणून गोळ्या सुरू केल्या. आठव्या दिवशी पावलं सुजली, चपलेचा पट्टा रुतायला लागला. वजन 2.4 किलोनं वाढलेलं आणि एरवी 130 च्या आसपास असणारा रक्तदाब 162/94. जिथे दाखवलं तिथे सूज आणि दाब पाहून फ्युरोसेमाइड जोडलं गेलं. गुडघ्याच्या गोळ्यांबद्दल कुणी विचारलं नाही, बाईंनी सांगितलं नाही. अकराव्या दिवशी जुलाब सुरू झाले. अन्न गेलं नाही, पाणी थोडंच गेलं, पण सगळ्या गोळ्या मात्र नेमानं चालू राहिल्या. तेराव्या दिवशी त्या आमच्यासमोर होत्या.

जीभ कोरडी, नाडी 108. झोपलेल्या स्थितीत रक्तदाब 102/60, उठवून बसवल्यावर 84/50. घोट्यावर दाबलं की अजूनही हलकासा खड्डा पडत होता. शरीरात पाणी कमी आणि पायावर सूज, दोन्ही एकाच वेळी. मूत्रनळी घातल्यावर गडद रंगाची जेमतेम 60 मिलिलिटर लघवी आली. किडनीनं रक्तातून गाळून टाकायचा क्रिएटिनिन 2.9 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, दोन महिन्यांपूर्वी तो 0.9 होता. युरिया 118. सोडियम 122, पोटॅशियम 6.3, बायकार्बोनेट 17. ईसीजीत टी-लहरी उंच, टोकदार, म्हणजे चढलेल्या पोटॅशियमचा हृदयावर परिणाम. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या नेहमीच्या आकाराच्या, कुठे अडथळा नाही.

पोटॅशियमला थांबायला वेळ नसतो. कॅल्शियम ग्लुकोनेट, ग्लुकोजबरोबर इन्सुलिन, वाफेतून साल्ब्युटामॉल, असं क्रमानं दिलं. डायक्लोफेनॅक, टेल्मिसार्टन आणि लघवीच्या दोन्ही गोळ्या बंद केल्या. शिरेतून सलाइन सुरू केलं. वीस मिनिटांनी काढलेल्या ईसीजीत टी-लहरी बसलेल्या दिसल्या, तेव्हा जरा श्वास घेतला आणि लघवीचा नमुना स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. नलिकेच्या पेशी मेल्या की मळकट तपकिरी दाणेदार साचे दिसतात. इथे ते नव्हते. तांबड्या पेशी नाहीत, प्रथिन नाममात्र, चारदोन काचेसारखे पारदर्शक साचे. लघवीची गोळी चालू असताना लघवीतल्या सोडियमवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून युरियाचं उत्सर्जन मोजलं. गाळल्या गेलेल्या युरियापैकी फक्त 22 टक्के बाहेर पडत होता. लघवीची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या द्रव्यांचा घट्टपणा) 520, रक्ताची 268. याचा अर्थ नलिका जिवंत होत्या, मीठपाणी जिवाच्या आकांतानं ओढून घेत होत्या. कमी पडत होता तो गाळणीवरचा दाब.

आता प्रश्न असा : सूज, वाढलेला रक्तदाब, मग बंद झालेली लघवी, चढलेलं पोटॅशियम, उतरलेलं सोडियम. ही पाच वेगळी दुखणी मानायची की एकाच गोष्टीच्या पाच खुणा?

रेणूबद्दल थोडं

1935 च्या सुमारास स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी वीर्यात सापडलेल्या एका द्रव्याला प्रोस्टाग्लँडिन हे नाव दिलं. ते प्रोस्टेट ग्रंथीतून येत असावं असा समज होता. समज चुकीचा निघाला, नाव राहिलं. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीला हा स्निग्ध रेणू बनवता येतो. पेशीच्या आवरणातलं ॲराकिडॉनिक आम्ल सुटं होतं, कॉक्स नावाचं एन्झाइम त्याच्यावर काम करतं आणि पुढच्या टप्प्यांत वेगवेगळी प्रोस्टाग्लँडिन तयार होतात. ॲस्पिरिन आणि तिच्या जातीची औषधं (डायक्लोफेनॅक त्यातलंच) याच कॉक्सला अडवतात, हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं. 1982 चं नोबेल त्यांना बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्यासोबत मिळालं.

किडनीत यातलं सर्वात जास्त बनतं ते प्रोस्टाग्लँडिन ई-2. त्याला 'हार्मोनसारखं' म्हणतात, हार्मोन म्हणत नाहीत, आणि हा फरक शब्दांपुरता नाही. खरं हार्मोन एका ग्रंथीतून निघून रक्तातून लांबच्या अवयवापर्यंत पोचतं. ई-2 ला तो प्रवास जमत नाही. रक्तात मिसळून फुप्फुसात पोचलं की एकाच फेरीत त्यातलं 90 टक्क्यांहून अधिक निकामी होतं. ते जिथे बनतं तिथेच, स्वतःवर किंवा शेजारच्या पेशीवर काम करून संपतं.

म्हणून "ई-2 काय करतं?" या प्रश्नाला उत्तरच नाही. ते कुठे पडलं आणि तिथल्या पेशीवर कुठला रिसेप्टर होता, यावर सगळं ठरतं. त्याचे रिसेप्टर चार : ईपी-1, ईपी-2, ईपी-3 आणि ईपी-4. चारही पेशीच्या आवरणातून सात वेळा आत-बाहेर ओवलेले. ईपी-2 आणि ईपी-4 पेशीच्या आत सायक्लिक एएमपी (पेशीतला निरोप्या रेणू) वाढवतात, ईपी-3 बहुतेक वेळा ते घटवतो, ईपी-1 कॅल्शियम वाढवतो. रक्तवाहिनीच्या स्नायूपेशीवर ईपी-4 असला तर ती सैलावते आणि ईपी-1 किंवा ईपी-3 असला तर आकसते. रेणू तोच. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, या विषयात औषधशास्त्राच्या पुस्तकाआधी किडनीच्या उभ्या छेदाचं चित्र समोर ठेवा.

नकाशा कसा काढला गेला

हा नकाशा प्रामुख्यानं 1990 च्या दशकात तयार झाला, दोन वाटांनी. पहिली वाट : रिसेप्टरचं जनुक कुठल्या पेशीत चालू आहे हे त्याच्या मेसेंजर आरएनएवरून (जनुकाच्या नकलेवरून) शोधायचं. किडनीचा पातळ काप घ्यायचा, त्या आरएनएला चिकटणारा खुणेचा धागा त्यावर सोडायचा आणि तो कुठे बसतो ते पाहायचं. दुसरी वाट : तयार झालेल्या प्रथिनालाच प्रतिपिंडानं पकडायचं.

आरएनएचं चित्र बरंच स्वच्छ आलं. ईपी-4 ग्लोमेरुलसमध्ये, म्हणजे गाळणीच्या केशिकांच्या गुच्छात. ईपी-3 हेन्लेच्या पाशाच्या (गाळलेला द्रव नेणाऱ्या नलिकेच्या वळणाच्या) जाड चढत्या भागात आणि शेवटी लघवी गोळा करणाऱ्या संकलन नलिकेत. ईपी-1 संकलन नलिकेत, आणि कॉर्टेक्सकडून (बाहेरच्या थराकडून) मेड्युलाच्या (आतल्या भागाच्या) टोकाकडे जावं तसा अधिकाधिक ठळक. ईपी-2 किडनीत एकंदर कमीच, मुख्यतः रक्तवाहिन्यांशी निगडित.

इथे एक खड्डा आहे, आणि जुने शोधनिबंध वाचणारा प्रत्येक जण त्यात एकदा तरी पडतो. सुरुवातीला ज्या जनुकाला ईपी-2 म्हटलं गेलं, तो प्रत्यक्षात ईपी-4 निघाला. खऱ्या ईपी-2 ला ब्युटाप्रॉस्ट नावाचं संयुग जागं करतं. त्या जनुकातून बनलेला रिसेप्टर मात्र ब्युटाप्रॉस्टला दादच देईना. पुढे खरा ईपी-2 वेगळा सापडला आणि नावं सरळ झाली. पण त्याआधी छापलेल्या चित्रांत ग्लोमेरुलसवर 'ईपी-2' लिहिलेलं आजही दिसतं. ते डोळे झाकून उतरवून घेतलं तर सबंध गाळणीचा पत्ताच चुकतो.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. आरएनए आणि प्रथिन यांची साक्ष सगळीकडे जुळत नाही. मानवी किडनीवर प्रतिपिंडं वापरली तेव्हा ईपी-3 संकलन नलिकेत आणि धमन्यांत दिसला, पण जाड चढत्या भागात दिसला नाही. ईपी-4 ग्लोमेरुलसमध्ये दोन्ही वाटांनी सापडला. या जातीच्या रिसेप्टरांची प्रथिनं पेशीत फार थोडी असतात आणि त्यांच्यासाठी बनवलेली प्रतिपिंडं भलत्याच प्रथिनाला चिकटल्याची उदाहरणं कमी नाहीत. त्यामुळे नुसत्या रंगलेल्या कापावर माझा विश्वास बसत नाही. पेशी त्या ठिकाणी ई-2 ला खरोखर तसा प्रतिसाद देते का, हे प्रयोगानं दिसलं तरच पत्ता पक्का. जाड चढत्या भागात ई-2 सोडलं की मिठाचं शोषण मंदावतं, ही गोष्ट प्राण्यांच्या वेगळ्या काढलेल्या नलिकांवर दिसलेली आहे. म्हणून तो पत्ता मी नकाशावर ठेवतो, फक्त पेन्सिलीनं.

पहिला आठवडा : नलिकांचा

या बाईंची गोष्ट नलिकेतून सुरू झाली. गाळणीतून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो आणि जेमतेम दीड-दोन लिटर लघवी होते. बाकीचं परत घेतलं जातं. गाळलेल्या मिठाचा साधारण चौथा हिस्सा एकट्या जाड चढत्या भागात शोषला जातो. तिथे आणि पुढे संकलन नलिकेत ई-2 लगामासारखं काम करतं : ईपी-3 आणि ईपी-1 यांच्यामार्फत मीठ परत घेण्याचा वेग थोडा आवरून धरतं.

डायक्लोफेनॅकनं ई-2 आटवलं आणि लगाम सुटला. रोज थोडं मीठ जास्त राहिलं, मिठापाठोपाठ पाणी राहिलं. आठ दिवसांत 2.4 किलो वजन, पावलांना सूज, 162/94 चा दाब. या टप्प्यावर गाळणी बहुधा व्यवस्थित चालू होती. त्या दिवशी क्रिएटिनिन तपासलं असतं तरी कदाचित ठीकच आलं असतं. चुकीचा दिलासा मिळतो तो इथेच.

थायझाइड चालू असतानाही सूज आली, याचं आश्चर्य वाटायला नको. लघवीची गोळी नलिकेला मीठ सोडायला लावते, ई-2 सुद्धा त्याच दिशेनं हात लावतं. एक हात काढून घेतला की गोळीची ताकद उणावते. 'लघवीची गोळी लागू पडेनाशी झाली' असं सांगत येणाऱ्या रुग्णाच्या पिशवीत वेदनाशामक शोधावं, हे मी याच कारणासाठी सांगतो. इथे उलट झालं. एका औषधाच्या परिणामाला नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध दिलं गेलं. फ्युरोसेमाइडनं सूज थोडी उतरली, पण आता बाईंच्या शरीरात पाण्याचा सारा हिशेब ताणलेला होता. त्यावर जुलाब झाले.

अकरावा ते तेरावा दिवस : गाळणीचा

ग्लोमेरुलस हा दोन नळांमधला फुगा समजा. रक्त आणणारी सूक्ष्म धमनी एकीकडे, नेणारी दुसरीकडे. आत दाब टिकवायचा तर आणणारी सैल हवी, नेणारी आवळलेली हवी. शरीरात पाणी भरपूर असतं तेव्हा यात विशेष काही करावं लागत नाही. तरुण, नीट खाता-पिता असलेल्या माणसानं डायक्लोफेनॅकच्या चार गोळ्या घेतल्या तर त्याचा क्रिएटिनिन ढिम्म हलत नाही, कारण त्याच्या गाळणीला त्या वेळी ई-2 ची गरजच नसते. लोकांना ही औषधं निरुपद्रवी वाटतात ती या अनुभवावरून, आणि तो अनुभव खोटाही नाही.

पाणी कमी पडलं की चित्र बदलतं. अँजिओटेन्सिन, नॉरॲड्रेनॅलिन, व्हॅसोप्रेसिन सगळी रक्तवाहिन्यांना आवळायला लागतात. त्या झटापटीत आणणारी धमनी आवळली जाऊ नये म्हणून किडनी जागच्या जागी ई-2 आणि त्याचं भावंड प्रोस्टासायक्लिन बनवते. ई-2 तिथल्या ईपी-4 वर, प्रोस्टासायक्लिन स्वतःच्या वेगळ्या रिसेप्टरवर बसतं आणि धमनी सैल राहते. नेणाऱ्या धमनीला अँजिओटेन्सिन आवळून धरतं. अशा रीतीनं कमी रक्तातही गाळणीचा दाब सांभाळला जातो.

आता बाईंच्या औषधांकडे पाहा. डायक्लोफेनॅकनं आणणाऱ्या धमनीचा सैलपणा काढून घेतला. अँजिओटेन्सिनला अडवणाऱ्या टेल्मिसार्टननं नेणाऱ्या धमनीचा आवळ काढून घेतला. लघवीच्या दोन गोळ्या आणि जुलाब यांनी येणारं रक्तच घटवलं. फुग्यात दाब राहणार कुठून? ब्रिटनमध्ये रक्तदाबाच्या 4,87,372 रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला मोठा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. या तीन प्रकारची औषधं एकत्र घेणाऱ्यांत किडनीला अचानक इजा होण्याचं प्रमाण 31 टक्क्यांनी जास्त दिसलं आणि पहिल्या 30 दिवसांत तर 82 टक्क्यांनी. आमच्या बाई तेराव्या दिवशी आल्या होत्या.

पोटाला सोसवणारी, फक्त कॉक्स-2 (कॉक्सचा एक प्रकार) अडवणारी गोळी दिली असती तर हे टळलं असतं का? हा प्रश्न मला जवळजवळ दर वेळी विचारला जातो. उत्तर आहे, नाही. शरीरात इतरत्र कॉक्स-2 बहुधा सूज आल्यावर जागं होतं. किडनीत ते एरवीही हजर असतं : मॅक्युला डेन्सा या मीठ चाखणाऱ्या पेशींच्या ठिपक्याच्या परिसरात आणि मेड्युलाच्या नलिकांमधल्या जागेतल्या, मेदाचे थेंब बाळगणाऱ्या पेशींत. पोटासाठी सुरक्षित म्हणजे किडनीसाठी सुरक्षित नव्हे.

पोटॅशियम आणि मॅक्युला डेन्सा

जाड चढता भाग आपल्याच ग्लोमेरुलसपाशी परत येऊन धमनीला खेटून जातो. तिथल्या दहा-वीस पेशींचा ठिपका म्हणजे मॅक्युला डेन्सा. समोरून जाणाऱ्या द्रवातलं मीठ तो चाखतो. मीठ कमी लागलं की त्याचं कॉक्स-2 वेग घेतं, ई-2 बनतं आणि पलीकडच्या धमनीच्या भिंतीत बसलेल्या रेनिन-पेशींवर पोचतं. अंतर काही पेशींचं. त्या पेशींवर मुख्यतः ईपी-4 असतो. सायक्लिक एएमपी वाढतं, रेनिन सुटतं, त्यातून अँजिओटेन्सिन, त्यातून अल्डोस्टेरॉन, आणि अल्डोस्टेरॉन संकलन नलिकेतून पोटॅशियम बाहेर काढतं.

निरोप्याच नाहीसा झाला की पुढची साखळी ढिली पडते. त्यात टेल्मिसार्टननं पुढची कडीही तोडलेली. गाळणी मंदावल्यानं संकलन नलिकेपर्यंत द्रव पोचत नव्हता, रक्तात आम्ल साचलेलं. 6.3 हा आकडा या चौघांचा मिळून होता. फक्त गाळणी बंद पडल्यानं पोटॅशियम एवढ्या लवकर इतकं चढत नाही. म्हणूनच 2.9 च्या क्रिएटिनिनला 6.3 चं पोटॅशियम दिसलं की औषधांची यादी पुन्हा वाचावी.

हीच वाट उलटी चाललेली पाहायची तर बार्टर सिंड्रोम पाहा. या जन्मजात आजाराच्या गर्भापासूनच दिसणाऱ्या प्रकारात जाड चढत्या भागाची मीठ उचलण्याची यंत्रणाच बिघडलेली असते. मॅक्युला डेन्साला सतत वाटत राहतं की मीठ येतच नाही. ई-2 चा पूर लोटतो. इतका की या आजाराला एके काळी 'हायपरप्रोस्टाग्लँडिन ई सिंड्रोम' म्हणत. त्या बाळांना इंडोमेथॅसिन हे डायक्लोफेनॅकचंच भावंड उपचार म्हणून दिलं जातं, आणि लघवीतून वाहून जाणारं मीठ, पाणी, पोटॅशियम आटोक्यात येतं.

सोडियम, आणि दुसऱ्या दिवशीची पहाट

उरलं 122 चं सोडियम. व्हॅसोप्रेसिन संकलन नलिकेत पाण्याची दारं उघडतं. ई-2 तिथल्या ईपी-3 मार्फत त्याला आवर घालतं, कारण व्हॅसोप्रेसिन सायक्लिक एएमपी वाढवतं आणि ईपी-3 ते घटवतो. ई-2 गेलं की तेवढ्याच व्हॅसोप्रेसिननं जास्त पाणी परत ओढलं जातं. बाईंच्या अंगात जुलाबामुळे व्हॅसोप्रेसिन भरपूर होतं, थायझाइड स्वतःही सोडियम उतरवतं, आणि आवर घालणारं काही उरलं नव्हतं. रक्त 268 इतकं पातळ असताना लघवी 520 इतकी घट्ट, यात ते सगळं आलं.

ईपी-3 च्या या कामाबद्दल एक प्रयोग फार बोलका आहे. ज्या उंदरांत ईपी-3 चं जनुकच काढून टाकलं होतं त्यांची लघवी एरवी इतर उंदरांसारखीच घट्ट किंवा पातळ होत होती. शरीरानं दुसरी सोय केली होती. फरक दिसला तो इंडोमेथॅसिन दिल्यावर : साध्या उंदरांची लघवी आणखी घट्ट झाली, ईपी-3 नसलेल्यांची झाली नाही. म्हणजे या औषधानं लघवी घट्ट होते ती याच रिसेप्टरच्या वाटेनं.

रात्रीतून दीड लिटर सलाइन गेलं. रक्तदाब 118/70 वर आला. लघवी तासाला 40, मग 90 मिलिलिटर. सगळे खूश. पहाटे पाचला सिस्टरांनी फोन केला, "सर, पिशवी पुन्हा भरली, गेल्या तासात 280 झाली, एकदम पाण्यासारखी आहे." खूश व्हायची वेळ संपली होती. डायक्लोफेनॅकचा अंमल काही तासांचाच असतो. कॉक्सला ते ॲस्पिरिनसारखं कायमचं निकामी करत नाही. औषध उतरलं, ई-2 परत आलं, आणि पाणी मिळाल्यामुळे व्हॅसोप्रेसिनही ओसरलं. संकलन नलिकेची दारं एकदम मिटली. लघवीची ऑस्मोलॅलिटी 140, आणि 12 तासांत सोडियम 122 वरून 129.

24 तासांत 8 पेक्षा जास्त चढू द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं, कारण कमी सोडियमची सवय झालेल्या मेंदूला वेगानं वाढलेलं सोडियम इजा करू शकतं. सलाइन थांबवलं, 5 टक्के डेक्स्ट्रोज लावलं आणि डेस्मोप्रेसिनचा (व्हॅसोप्रेसिनच्याच कृत्रिम रूपाचा) 2 मायक्रोग्रॅमचा एक डोस दिला. म्हणजे आदल्या दिवशी ज्या दारांनी त्रास दिला, तीच दारं काही तासांसाठी आपल्या हातानं पुन्हा उघडली. दर दोन तासांनी सोडियम तपासत राहिलो. 24 तासांच्या शेवटी ते 129 वरच होतं. बाई सकाळी उठून बसल्या आणि चहा मागितला.

चौथ्या दिवशी क्रिएटिनिन 1.5, पोटॅशियम 4.6, सोडियम 135. सहाव्या दिवशी घरी.

घरी जाताना

कागदावर पहिली ओळ मोठ्या अक्षरात लिहिली : कुठलीही दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय नाही. पॅरासिटॅमॉल चालेल. त्याखाली दुसरी : उलटी-जुलाब झाले, खाणं-पिणं सुटलं तर बीपीची गोळी थांबवून आधी फोन. गुडघ्यासाठी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वरून लावायचं मलम दिलं. मलमातून रक्तात उतरणारं औषध तोंडानं घेतलेल्या गोळीच्या मानानं फार कमी असतं. महिन्याभरानं सांध्यात स्टेरॉइडचं एक इंजेक्शनही दिलं.

चारही रिसेप्टरांचं तोंड एकदम बंद करण्याऐवजी वेदनेला कारण होणारा तेवढाच अडवता येईल का, या दिशेनं काम चालू आहे. फक्त ईपी-4 अडवणारं ग्रॅपिप्रँट अमेरिकेत 2016 मध्ये कुत्र्यांच्या सांधेदुखीसाठी मंजूर झालं. कॉक्स तसंच चालू राहतं, बाकीचे तीन रिसेप्टर मोकळे राहतात, हे खरोखर आकर्षक आहे. पण असं औषध माणसांसाठी आलं तर मी पहिल्यांदा पाहीन ते गाळणी आणि रेनिन-पेशींकडे, कारण ईपी-4 चे ठळक पत्ते तिथलेच आहेत.

दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन 1.0 आला. तिसऱ्या आठवड्यात टेल्मिसार्टन एकटंच परत सुरू केलं. थायझाइड पुन्हा दिलं नाही. सहाव्या आठवड्यात बाई स्वतः चालत आल्या. रक्तदाब 134/80, वजन आजारापूर्वीचं, पावलांवर सूज नाही. फ्युरोसेमाइडचं पाकीट सुनेनं परत आणून टेबलावर ठेवलं, त्यातल्या दहापैकी पाच गोळ्या तशाच होत्या.